शून्य-एकाची विद्या आणि हिंगोली जिल्हा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. संत नामदेवांचे नर्सी, औंढ्याचे नागनाथ मंदिर, पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण आणि वसमत-हिंगोलीची हळदीची बाजारपेठ ही या जिल्ह्याची परिचित ओळख होय. या ओळखीत आता एका अगदी वेगळ्या गोष्टीची भर पडत आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली.

अशी वेधशाळा म्हटली की चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, लेझरचा किरण आणि चाळीस किलो वजनाचे आरसे डोळ्यांसमोर येतात. परंतु या साऱ्या अवजड सामग्रीला जी सूक्ष्म मज्जासंस्था जिवंत ठेवते, ती शून्य आणि एक या दोन अंकांवर चालते. आरसा किती हलला हे मोजणे, त्या मोजमापाचे अंकांत रूपांतर करणे, त्यावर क्षणार्धात गणित करून आरसा पुन्हा जागेवर आणणे आणि प्रत्येक नोंदीवर अचूक वेळ घालणे, ही सर्व अंकीय यंत्ररचनेची, म्हणजे डिजिटल सिस्टिम डिझाइनची कामे आहेत. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात साधारणतः दुसऱ्या वर्षी हा विषय येतो, आणि पुष्कळ विद्यार्थी तो 'इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा विषय' म्हणून कसाबसा पार पाडतात. जिल्ह्याच्या भूमीवर येणाऱ्या या यंत्राच्या नियंत्रणकक्षात उद्या जिल्ह्यातील मुले-मुली बसणार की ती केवळ कुंपणाबाहेरून वेधशाळा पाहणार, याचे उत्तर काही अंशी या दुर्लक्षित विषयाच्या अध्ययनावर अवलंबून आहे. म्हणून त्याचे स्वरूप शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

दोनच अंक का?

ग्रामीण भागात विजेचा दाब कमी-जास्त होणे हा नित्याचा अनुभव आहे. दिवा कधी मंद जळतो, कधी प्रखर. तरीही 'दिवा लागला आहे' किंवा 'दिवा विझला आहे' हे सांगताना कोणाचा गोंधळ होत नाही. अंकीय मंडलाचे, ज्याला प्रयोगशाळेत सर्वजण सर्किट म्हणतात त्याचे, सारे सामर्थ्य या साध्या गोष्टीत आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या पाच व्होल्टच्या परिचित ७४०० मालिकेतील मूळ चकत्या ०.८ व्होल्टपेक्षा कमी दाब आला तर तो 'शून्य' मानतात आणि २ व्होल्टपेक्षा अधिक दाब आला तर तो 'एक' मानतात. मधला पट्टा निषिद्ध. त्यामुळे तारेतून येताना संदेशात थोडी खरखर मिसळली, तरी पुढच्या टप्प्यावर तो पुन्हा स्वच्छ शून्य किंवा स्वच्छ एक होऊनच बाहेर पडतो. चूक साचत जात नाही. लक्षावधी टप्प्यांतून गेलेले गणित बिनचूक राहते ते याच कारणाने.

या शून्य-एकाचे बीजगणित इंग्लंडातील जॉर्ज बूल यांनी १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली आपल्याकडील मदुराईचा; त्यांच्या नावाचे दोन नियम आजही प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. तथापि हे बीजगणित विजेच्या स्विचांना तंतोतंत लागू पडते, हे दाखवून देण्याचे श्रेय क्लॉड शॅनन यांच्या १९३७ सालच्या प्रबंधास जाते. दोन स्विच एकापुढे एक जोडले तर दोन्ही चालू असतानाच दिवा लागतो, हा 'आणि'. शेजारी-शेजारी जोडले तर कोणताही एक पुरतो, हा 'किंवा'. यांत उलट करणारा 'नाही' मिळविला की तीन तर्कद्वारे, म्हणजे तीन गेट, तयार होतात. ती जाणणाऱ्याच्या हाती संगणकाच्या साऱ्या गणिताची किल्ली येते. शेतीपंपाचा स्टार्टर तिन्ही फेज आल्याशिवाय मोटार सुरू होऊ देत नाही, तेव्हा तो 'आणि' या द्वाराचेच काम करीत असतो.

हातच्याचा प्रवास

प्राथमिक शाळेत शिकविलेली बेरीज येथे पुन्हा नव्याने भेटते. द्विमान पद्धतीत शून्य अधिक एक म्हणजे एक. परंतु एक अधिक एक म्हणजे शून्य आणि हातचा एक. दोन अंकांपैकी नेमका एकच अंक 'एक' असेल तर बेरजेच्या जागी एक येतो, आणि दोन्ही 'एक' असतील तरच हातचा निघतो. म्हणजे हातचा काढण्यास एक 'आणि' द्वार पुरेसे आहे. मागच्या घराचा हातचा स्वीकारणारे असे एक घर तयार केले की तशी घरे ओळीने जोडून हवी तेवढी मोठी संख्या मिळविता येते.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. खरा धडा पुढे आहे. कागदावर बेरीज लिहिताना वेळ मोजला जात नाही, मंडलात मात्र प्रत्येक घरास हातचा पुढे देण्यास काही काळ लागतो. तो दहा नॅनोसेकंद धरला, तर चौसष्ट घरांच्या ओळीत शेवटच्या घरापर्यंत हातचा पोहोचण्यास ६४० नॅनोसेकंद लागतील, आणि तोपर्यंत उत्तर म्हणून जे दिसेल ते चुकीचे असू शकेल. यावर उपाय असा की, प्रत्येक घराकडे आधीच पाहून ठेवावे: दोन्ही अंक एक असतील तर हे घर स्वतःच हातचा निर्माण करणार, एकच अंक एक असेल तर मागून आलेला हातचा पुढे ढकलणार, दोन्ही शून्य असतील तर आलेला हातचा तेथेच जिरवणार. ही माहिती सर्व घरांसाठी एकाच वेळी काढता येते, आणि मग हातच्याची वाट न पाहता पुढच्या घरांचे उत्तर काढता येते. त्यासाठी द्वारे मात्र अधिक लागतात. वेळ वाचवावयाचा तर जागा व वीज खर्च करावी लागते, हा यंत्ररचनेतील पहिला व्यवहार विद्यार्थी हातच्याच्या निमित्ताने शिकतो. आपण लिहिलेल्या आज्ञावलीतील एक साधी बेरीज आत किती लांबचा प्रवास करते, हे ज्याला कळले तो पुढे आज्ञावलीही अधिक जाणतेपणाने लिहितो.

गावची टाकी : एक परीक्षा

या विषयातील विचारपद्धती समजून घेण्यास गावच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीसारखे दुसरे उदाहरण नाही. टाकीत दोन तरंगते संवेदक बसविले आहेत असे समजू. खालच्या संवेदकाला पाणी लागले की तो 'एक' देतो. वरच्याला लागले की तो 'एक' देतो. अपेक्षा एवढीच की पाणी खालच्या खुणेखाली गेले की मोटार सुरू व्हावी आणि वरच्या खुणेला पोहोचले की बंद व्हावी.

दोन संवेदकांच्या चार अवस्था संभवतात. दोन्ही शून्य : टाकी रिकामी, मोटार सुरू. दोन्ही एक : टाकी भरली, मोटार बंद. खालचा एक व वरचा शून्य : पाणी मध्ये आहे. या तिसऱ्या अवस्थेत काय करावे? मोटार चालू असेल तर चालू ठेवावी, बंद असेल तर बंद ठेवावी. म्हणजे केवळ आत्ताच्या स्थितीवरून निर्णय होत नाही. मागे काय चालले होते ते मंडलाने लक्षात ठेवले पाहिजे. मोटारीची सध्याची स्थितीच पुन्हा मंडलाच्या प्रवेशाकडे वळवून आणली की ही स्मृती निर्माण होते. संगणकाच्या स्मृतीचा मूळ कण तो हाच.

चौथी अवस्था उरते : खालचा संवेदक शून्य आणि वरचा एक. पाणी वर आहे पण खाली नाही, हे अशक्य! पाठ्यपुस्तकातील रीतीप्रमाणे विद्यार्थी अशा घरात फुली मारतो, म्हणजे 'येथे उत्तर काहीही चालेल' असे मानतो. मॉरिस कार्नो यांनी १९५३ साली सुचविलेल्या कोष्टकात अशा फुल्यांचा लाभ घेऊन सूत्र लहान करता येते. तसे केल्यास सूत्र असे मिळते : खालचा संवेदक कोरडा असेल, किंवा मोटार आधीच चालू असून वरचा संवेदक कोरडा असेल, तर मोटार चालू. परीक्षेत यास पूर्ण गुण मिळतील.

परंतु गावात एके दिवशी खालच्या संवेदकाची तार तुटते. आता तो कायम शून्य देतो. टाकी काठोकाठ भरली, वरचा संवेदक ओरडून 'एक' सांगू लागला, तरी सूत्राचा पहिला भाग खरा ठरतो आणि मोटार चालूच राहते. रात्रभर पाणी वाहून जाते. जी अवस्था अशक्य म्हणून सोडून दिली होती तीच नेमकी बिघाडाची अवस्था होती.

आता तेच सूत्र थोडे निराळे मांडू : वरचा संवेदक कोरडा असेल, आणि त्याचबरोबर खालचा कोरडा असेल किंवा मोटार आधीच चालू असेल, तर मोटार चालू. या रचनेत वरचा संवेदक भिजला की काहीही झाले तरी मोटार थांबते. द्वारे मोजली तर दोन्ही सूत्रांना सारखीच लागतात : दोन 'नाही', एक 'आणि', एक 'किंवा'. खर्च तोच, केवळ कंसाची जागा बदलली. तार तुटल्यावर या दुसऱ्या रचनेतही मोटार वरच्या खुणेपाशी वरचेवर चालू-बंद होऊ लागेल, हे खरे. म्हणून 'खालचा शून्य आणि वरचा एक' या अवस्थेवर एक तांबडा दिवा लावावा. दिवा लुकलुकला की पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास तार तपासण्याची सूचना मिळते.

प्रश्न येथेही संपत नाहीत. वीज जाऊन परत आली तेव्हा पाणी मधोमध असेल, तर मंडलाची स्मृती पुसली गेलेली असते. ते जागे होताना मोटार चालू धरावी की बंद? वरचाच संवेदक निकामी झाला तर दोन्ही सूत्रे फसतात. मग मोटार सलग किती वेळ चालावी यावर वेगळी मर्यादा घालावी काय? या प्रश्नांची उत्तरे कोष्टकात नसतात. ती गावात, टाकीखाली उभे राहून, कर्मचाऱ्यास विचारून मिळतात. अंकीय यंत्ररचना म्हणजे केवळ सूत्र लहान करणे नव्हे. काय बिघडू शकते याचा आधी विचार करून ठेवणे होय.

स्मृती, क्रम आणि घड्याळ

मतदान केंद्रावर काम केलेल्या शिक्षकांस मतदान यंत्राचा परिचय असतो. केंद्राध्यक्षाजवळील नियंत्रण एककावरील बॅलट बटण दाबल्याखेरीज मतदाराने आपल्याकडील बटण कितीही वेळा दाबले तरी मत नोंदले जात नाही. बॅलट बटण दाबले की यंत्र एका मतासाठी सज्ज होते. मत नोंदले गेले की ते पुन्हा कुलूपबंद होते. मतदान समाप्तीचे बटण दाबल्यावर नवे मत स्वीकारले जात नाही, आणि निकालाचे बटण त्यानंतरच काम करते. म्हणजे एकाच बटणाचा परिणाम यंत्र त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतो. अभ्यासक्रमात 'अवस्था-यंत्र' या नावाने जो भाग शिकविला जातो तो हाच. वर्तुळांत अवस्था लिहावयाच्या, बाणांनी एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या अटी दाखवावयाच्या, आणि मग त्या आकृतीवरून मंडल रचावयाचे. कार्यालयातील फाइल लिपिकाकडून अधीक्षकाकडे, तेथून अधिकाऱ्याकडे जाते व त्रुटी निघाल्यास परत येते. तिचीही अशी आकृती काढता येईल.

साधे बटणही एक पाठ शिकवून जाते. दाबल्यावर त्याच्या धातूच्या पट्ट्या काही मिलिसेकंद थरथरतात, आणि वेगवान मंडलास ते एकच दाबणे अनेक वेळा दाबल्यासारखे भासते. प्रयोगशाळेत पहिला मोजक तयार करणाऱ्या विद्यार्थ्याचा आकडा एकावरून एकदम चार किंवा सातावर उडी मारतो तो यामुळे. थरथर थांबेपर्यंत वाट पाहणारी छोटी रचना त्यापुढे जोडावी लागते.

हजारो स्मृतिकणांनी एकत्र काम करावयाचे तर सर्वांनी एकाच तालावर पाऊल टाकले पाहिजे. हा ताल देणाऱ्या स्पंदास घड्याळ म्हणतात. प्रत्येक ठोक्यास सर्व स्मृतिकण एकदम नवे मूल्य स्वीकारतात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात मंडलातील गणित पुरे झालेच पाहिजे. हातच्याचा प्रवास जितका लांब, तितका ठोका संथ ठेवावा लागतो. संगणकाचा वेग शेवटी त्यातील सर्वांत लांब वाटेवर ठरतो. सर्वांत जलद वाटेवर नव्हे.

वर्णन लिहावयाचे, हुकूम नव्हे

पूर्वी विद्यार्थी द्वारांच्या आकृत्या हाताने काढीत. १९८० च्या दशकात व्हेरिलॉग व व्हीएचडीएल या वर्णनभाषा पुढे आल्या आणि मोठी मंडले शब्दांत लिहिण्याची पद्धत रूढ झाली. संगणकशास्त्राचा विद्यार्थी येथेच सर्वाधिक फसतो. त्याला व्हेरिलॉगचा मजकूर आपल्या ओळखीच्या आज्ञावलीसारखा दिसतो व तो समजतो की पहिली ओळ आधी, दुसरी नंतर पार पडेल. प्रत्यक्षात तो मजकूर म्हणजे हुकमांची यादी नसून इमारतीच्या नकाशासारखे वर्णन आहे. नकाशात स्वयंपाकघर आधी काढले म्हणून ते आधी अस्तित्वात येत नाही. सर्व खोल्या एकाच वेळी तेथे असतात. मंडलातील सर्व भागही एकाच वेळी जागे असतात. 'ही ओळ केव्हा चालेल?' हा प्रश्न सोडून 'या ओळीतून कोणती वस्तू निर्माण होईल?' असा प्रश्न विचारू लागला की विद्यार्थ्याची पहिली मोठी अडचण दूर होते.

असे वर्णन एफपीजीए नावाच्या चकतीत भरले की तिच्या आतील जोडण्या त्याप्रमाणे जुळतात व कोरी चकती हव्या त्या मंडलाचे रूप घेते. चूक निघाल्यास वर्णन सुधारून पुन्हा भरता येते.

औंढ्याच्या माळावर

आता वेधशाळेकडे वळू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन व हॅनफर्ड येथील दोन लायगो वेधशाळांनी प्रथमच गुरुत्वीय लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही वार्ता जाहीर झाली. एकमेकांभोवती फिरत येऊन एकरूप झालेल्या दोन कृष्णविवरांतून ती निघाली होती. तिच्यामुळे चार किलोमीटरच्या अंतरात पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. ही लहर लिव्हिंग्स्टनला आधी आणि सुमारे सात मिलिसेकंदांनंतर हॅनफर्डला पोहोचली.

या वेधशाळांच्या मुख्य संदेशाची नोंद सेकंदास १६,३८४ वेळा केली जाते. हा विचित्र दिसणारा आकडा म्हणजे दोनाचा चौदावा घात होय. शून्य-एकाच्या जगात ती गोल संख्या आहे. या वेगाने सात मिलिसेकंदांत सुमारे ११५ नोंदी बसतात, म्हणून दोन ठिकाणच्या आगमनातील फरक स्पष्ट दिसू शकतो. अर्थात दोन्हीकडील घड्याळे एका तालावर असली तरच. त्यासाठी उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेचा आधार घेतला जातो. आगमनाच्या या फरकावरूनच लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली ते ठरते, आणि वेधशाळा जितक्या दूरदूर तितका हा ठाव अधिक निश्चित होतो. भारतातील वेधशाळेचे शास्त्रीय महत्त्व येथे आहे.

आरसे जागेवर ठेवण्याचे कामही याच तत्त्वावर चालते. गावच्या टाकीत संवेदक, निर्णय आणि मोटार असे चक्र होते. तेथे दिवसातून काही वेळा निर्णय घ्यावा लागे. वेधशाळेत तसेच चक्र सेकंदास हजारो वेळा फिरते. सेकंदाला १६,३८४ फेऱ्या धरल्या तर एका फेरीस केवळ ६१ मायक्रोसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत मोजमाप, गणित व दुरुस्ती पूर्ण झाली पाहिजे. उशिरा आलेले बरोबर उत्तर येथे चुकीच्या उत्तराइतकेच निरुपयोगी. म्हणून संगणकशास्त्र व मंडलविद्या या दोन्हींची जाण असलेली माणसे येथे लागतात.

पुण्याचे आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या संस्था प्रकल्पात सहभागी आहेत. आयुकातील संजीव धुरंधर यांनी सहकाऱ्यांसह गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा क्षीण संदेश शोधून काढण्याच्या गणिती पद्धतीवर पहिल्या शोधाच्या दोन दशकांहून अधिक आधीपासून काम केले होते. उपकरण येण्यापूर्वीच त्यासाठीची विद्या तयार ठेवण्याचे हे उदाहरण हिंगोलीनेही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

ही विद्या राज्यास नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी रचलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात निर्वात नलिका होत्या आणि त्याची प्रत्येक जोडणी येथील हातांनी केली होती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांतील प्रत्येक दोहोंच्या संदेशांची तुलना करावयाची तर ४३५ जोड्या होतात, आणि हे अखंड गुणाकार अंकीय मंडले व संगणक करतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रचलेला 'अजित' हा सूक्ष्म-प्रक्रियक २०१९ साली पुढे आला.

खोडद हेही एक खेडेच आहे. मोठे विज्ञानयंत्र खेड्याच्या शिवारात उभे राहते तेव्हा परिसरातील शिक्षणावर त्याचा प्रकाश पडावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे; परंतु तो आपोआप पडत नाही.

साधने व अडचणी

हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हिंगोलीस शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि नांदेड येथे १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था जवळच आहे. पदविका अभ्यासक्रमात संगणक शाखेस तिसऱ्या सत्रात हा विषय असतो. म्हणजे दरवाजे आहेत. त्यांतून आत शिरण्याची तयारी हवी.

पहिली अडचण भाषेची. विषय तर्काचा असूनही विद्यार्थी इंग्रजी वाक्यात अडकतो आणि तर्क निसटतो. 'हातचा' हा शब्द ज्याच्या कानावर तिसरीपासून आहे त्यास बेरजेचे मंडल मराठीतून पाच मिनिटांत समजते. मग त्याची इंग्रजी संज्ञा लक्षात ठेवणे जड जात नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमातील अनेक पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत, आणि त्याच संस्थेतून निघालेले 'ई-सिम' हे मंडलरचनेचे साधन विनामूल्य आहे.

दुसरी अडचण हाताने करून पाहण्याची. संगणकाच्या पडद्यावर सर्व मंडले चालतात. पडद्यावर तार सुटत नाही, बटण थरथरत नाही. म्हणून दोन्ही हवे. आधी पडद्यावर रचना तपासावी व मग जोडपट्टीवर काही चकत्या, दिवे, बटणे व पाच व्होल्टचा पुरवठा घेऊन ती उभी करावी. ही सामग्री महागडी नाही. चालेना म्हणून रात्र जागविल्यावर शेवटी एक सैल तार सापडते, तेव्हा विद्यार्थी जो धीर शिकतो तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो.

तिसरी अडचण मनोवृत्तीची. 'नोकरी आज्ञावली लिहिण्याची, मग मंडल कशास?' हा प्रश्न विद्यार्थी व पालक दोघेही विचारतात. केंद्र शासनाच्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमात चकतीरचनेच्या क्षेत्रात ८५ हजार अभियंते प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे, हे त्याचे एक उत्तर होय. दुसरे उत्तर अधिक मूलभूत आहे. ज्या यंत्रावर आपली विद्या उभी आहे त्याच्या तळाशी काय आहे हे न जाणता त्यावर मजले चढविणारा मनुष्य पहिल्या अनपेक्षित बिघाडास थबकतो.

या कामी शिक्षक आणि पंचायती यांनाही बरेच करता येईल. माध्यमिक शाळेतील शिक्षकाने दोन स्विच, एक दिवा व एक बॅटरी घेऊन 'आणि' व 'किंवा' दाखविले, तर विषयाचा पाया आठवी-नववीतच घातला जाईल. ग्रामपंचायतीने आपली पाण्याची टाकी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी खुली केली, तर विद्यार्थ्यांस खरा प्रश्न मिळेल आणि गावास वाहून जाणारे पाणी वाचविणारी रचना. तंत्रनिकेतनाने अशा प्रकल्पांची तपासणी करताना सूत्र किती लहान झाले एवढेच न पाहता, तार तुटल्यावर काय होईल हेही विचारावे.

वेधशाळा उभी राहण्यास २०३० पर्यंतची मुदत मंजुरीच्या वेळी सांगण्यात आली होती. एखाद्या विद्यार्थ्यास दहावीपासून पदवीपर्यंत पोहोचण्यास सुमारे सहा वर्षे लागतात. म्हणजे नियंत्रणकक्षात बसू शकणारी पहिली पिढी आजच जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांत आहे. दूरच्या कृष्णविवरांतून निघालेली लहर औंढ्याच्या माळावर पोहोचेल तेव्हा तिची नोंद शून्य आणि एक याच दोन अंकांत होईल. ते अंक वाचणाऱ्यांत हिंगोलीची मुले असावयाची, तर त्यांच्या शिक्षणाचा आरंभ गावच्या टाकीपासून करण्यास हरकत नाही.